हँडब्रेकचे मळसूत्र



संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य अशा विषयांच्या पंक्तीत मोटारीच्या मागच्या चाकांचे ब्रेकपॅड हा विषय आज पानावर वाढला आहे. गॅरेजातले हे प्रकरण इथे कशाला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे की, ज्याच्या दारात मोटार आहे त्याच्यापेक्षा ज्याच्या दारात ती नाही त्याला तिच्या ब्रेकची गरज अधिक. मोटारवाला आत बसलेला असतो, आपण रस्ता ओलांडत असतो. म्हणून ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही तासभर बसून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपल्या परंड्याच्या किल्ल्याशी जिचे नाव जोडले गेले आहे ती मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ओतली गेली. पुढे ती परंड्यास आली आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती येथून विजापुरास नेली. सुमारे पंचावन्न टनांचे हे धूड तेथल्या बुरुजावर चढवताना दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. ओढणाऱ्यांची मोजदाद अशी आपल्यापर्यंत पोचली. उतारावर ते धूड मागून थोपवून धरणारेही कोणी असतीलच, पण त्यांची संख्या कथेत येत नाही. ओढणाऱ्याचे कौतुक आणि थोपवणाऱ्याची उपेक्षा ही माणसाची जुनीच खोड आहे. आजही गाडी घेताना आपण ती लिटरला किती धावते ते विचारतो, वेगात कितीला जाते ते विचारतो. थांबते कशी, हे क्वचितच कोणी विचारतो.

मोटारीच्या जन्मापासून हे असेच चालले आहे. १८८८ साली बेर्टा बेंझ या बाईंनी नवऱ्याने तयार केलेली मोटार त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला माहेरी गेल्या. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले. तेव्हा बाईंनी एका गावी पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण ब्रेक लायनर किंवा ब्रेकपॅड म्हणतो, त्याचा हा पहिला अवतार. तो कारखान्यात जन्मला नाही, रस्त्यावर अडलेल्या बाईच्या आणि गावातल्या कारागिराच्या अकलेतून जन्मला. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

ब्रेक करतो काय? तो वेग खातो आणि उष्णता बाहेर टाकतो. दीड हजार किलोची गाडी ताशी ऐंशी किलोमीटर वेगावरून पुरती थांबवली, तर तिच्या अंगातली जी शक्ती ब्रेकांत उतरते तिने लिटरभर गार पाण्याला उकळी येईल. हे एका थांबण्याचे झाले. तुळजापूरच्या घाटाने भरलेली गाडी खाली येताना किती पाणी उकळेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ती सारी पेलण्याचे काम तळहाताएवढ्या दोन-दोन पॅडांना करावे लागते, आणि नव्या पॅडवरचा मसाला जेमतेम दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. झिजत झिजत तो दोन-तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावाच लागतो. त्यापुढे गेल्यास लोखंड लोखंडावर घासते आणि पॅडबरोबर चकतीही वाया जाते.

जुन्या फियाट आणि अँबॅसिडर गाड्यांना चारही चाकांत ड्रमचे ब्रेक असत. ड्रमच्या पोटात पसरणारे दोन शू आणि त्यांना ओढणारी हँडब्रेकची तार, एवढा तो मामला. चकतीचा ब्रेक काही नवा नव्हे. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १९०२ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. पण त्याला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ साली, ल मां येथील चोवीस तासांची शर्यत चकतीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली तेव्हा. मग तो आधी पुढच्या चाकांना आणि सावकाश मागच्या चाकांना आला.

पूर्वी पुढचे पॅड दोनदा बदलावेत तेव्हा मागचे एकदा, असा अनुभव असे. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढची चाके अधिक कष्ट करतात. आता कित्येक गाड्यांत मागचे पॅड पुढच्यांच्या बरोबरीने किंवा आधीही झिजतात. कारण कोणत्या चाकाला किती ब्रेक द्यावा हे आता गाडीतला संगणक ठरवतो आणि तो मागच्या चाकांकडून पूर्वीपेक्षा जास्त काम घेतो. तेव्हा मागचे पॅड बदलण्याचा प्रसंग पूर्वीपेक्षा अधिक वेळा येणार, आणि नेमक्या त्याच ठिकाणी नवी भानगड येऊन बसली आहे.

ती भानगड म्हणजे बटणाचा हँडब्रेक. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत तो आला तेव्हा तो श्रीमंतांचा चोचला होता. आता तो आपल्या रस्त्यांवर आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जीप कंपासला तो २०१७ पासून आहे. त्यानंतर मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांच्या वरच्या दर्जात तो आला. दोन आसनांच्या मध्ये पूर्वी उभा दांडा असे, तिथे आता बोटाएवढे बटण असते. ते ओढले की मागच्या बाजूने घर्र असा आवाज येतो आणि गाडी जागच्या जागी बांधली जाते.

हा आवाज कशाचा, ते नीट समजून घेऊ. एवढे समजले की बाकीचे सोपे आहे.

आम्ही येथे टेबलावर मागच्या चाकाचा एक निकामी झालेला कॅलिपर ठेवला आहे. कॅलिपर म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा जबडा. जबड्यात दोन पॅड, आणि एका पॅडच्या मागे हा दट्ट्या. पायाने ब्रेक दाबला की नळीतून ब्रेक ऑइलचा दाब येतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि पॅड चकतीला चिकटतात. इथपर्यंत सगळ्या गाड्या सारख्या.

आता दट्ट्याच्या आत पाहा. तो भरीव नाही, पेल्यासारखा पोकळ आहे. या पेल्याच्या पोटात एक मळसूत्राचा दांडा आहे आणि त्यावर एक नट चढवला आहे. कॅलिपरच्या पाठीला ही प्लॅस्टिकची डबी दिसते, तिच्यात लहानशी विजेची मोटर आणि दातेरी चक्रे आहेत. मोटर दांडा फिरवते. नटाला गोल फिरण्याची मुभा नाही, म्हणून तो पुढे सरकतो, पेल्याच्या बुडाला आतून टेकतो आणि दट्ट्याला पुढे रेटतो. मोटर खेळण्यातली वाटावी एवढी, पण दातेरी चक्रांनी आणि मळसूत्राने तिचा जोर इतका वाढतो की पॅड चकतीला दीड-दोन टनांच्या घरातल्या ताकदीने आवळले जातात.

मग मोटर थांबते, वीज बंद होते, तरी पकड सुटत नाही. का सुटत नाही? टायर पंक्चर झाल्यावर आपण जो जॅक लावतो तो आठवा. दांडी फिरवून आपण एका हाताने टनभर गाडी उचलतो, पण दांडी सोडली म्हणून गाडीच्या भाराने जॅक उलटा फिरत खाली येत नाही. मळसूत्राचे आटे इतके आडवे असतात की फिरवले तर सरकतात, नुसते रेटले तर हटत नाहीत. जॅकचा हाच गुण हँडब्रेकात आणला आहे. बॅटरी पार उतरली तरी घरासमोरच्या उतारावर गाडी उभी राहते ती यामुळे. आता जो गुण गाडी थोपवतो तोच पॅड बदलताना आडवा येतो.

किती आवळायचे हे संगणकाला कसे कळते, तेही सांगतो. शेतकरी बंधूंना ते चटकन कळेल. विहिरीवरच्या पंपात काही अडकले की स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा वर चढतो. येथेही तसेच. नट मोकळा सरकत असतो तोवर मोटर थोडी वीज घेते. पॅड चकतीला भिडून ताण आला की जास्त घेते. ठरावीक आकडा गाठला की संगणक मोटर बंद करतो. सोडताना तो नट थोडासाच मागे घेतो, पॅड मोकळे व्हावेत एवढाच. पुढच्या वेळी चटकन आवळता यावे म्हणून नट दट्ट्याच्या मागोमाग, अगदी जवळ थांबलेला असतो.

म्हणून आजच्या व्याख्यानातले एक वाक्य आम्ही दोनदा उच्चारणार आहोत. हँडब्रेक सोडला म्हणजे नट पुरता मागे गेला, असे नव्हे. हँडब्रेक सोडला म्हणजे नट पुरता मागे गेला, असे नव्हे!

पॅड झिजतात तसा दट्ट्या पुढे येत जातो आणि त्याच्यामागून नटही. दोन्ही पॅडांची झीज या एकाच दट्ट्याला भरून काढावी लागते, त्यामुळे जुने पॅड संपेपर्यंत तो दीडएक सेंटिमीटर पुढे आलेला असतो. नवे जाड पॅड बसवायचे तर त्याला तेवढे मागे ढकलले पाहिजे. पुढच्या चाकांचे काम करताना मिस्त्री काय करतात? सी-क्लॅम्प लावतात, आवळतात, दट्ट्या मुकाट्याने मागे जातो. वर्षानुवर्षांची हाताची सवय. तोच क्लॅम्प मागे लावला की दट्ट्या किंचित सरकतो आणि नटावर आदळून थांबतो. गंजला असेल, असे समजून आणखी जोर लावला जातो. आटे तर मागे फिरत नाहीत. तेव्हा मोडते ते दुसरेच काही, मळसूत्र वाकते किंवा डबीतली चक्रे जातात. पॅडच्या कामासाठी आलेल्या गाडीला अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. टेबलावरचा हा कॅलिपर याच मार्गाने आमच्याकडे आला आहे.

तेव्हा रीत अशी. आधी मळसूत्र मागे, मग दट्ट्या मागे. आणि मळसूत्र मागे नेण्याचा सरळ मार्ग म्हणजे संगणकाला तसे सांगणे. याला सर्व्हिस मोड म्हणतात. स्टिअरिंगखाली जी जोडणी असते तिला स्कॅनर लावून हा हुकूम देता येतो. काही गाड्यांत स्कॅनरवाचूनही, इग्निशन चालू ठेवून ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि बटण ठरावीक क्रमाने दाबले की हेच काम होते. हा क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा, म्हणून एका गाडीचा मंत्र दुसरीला लावू नये, त्या त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात पाहावा. हुकूम मिळाला की दोन्ही बाजूंना बराच वेळ घर्र होते आणि नट शेवटपर्यंत मागे जातो.

यात एक धोका आहे आणि तो जिवाचा आहे. या अवस्थेत गाडीला हँडब्रेक नसतो. आपण मागची बाजू उचलणार, म्हणजे उभी राहण्याची सारी जबाबदारी पुढच्या दोन चाकांवर. म्हणून हुकूम देण्याआधीच गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्यावी, गिअरमध्ये ठेवावी, आपोआप गिअरची असेल तर पार्कमध्ये. पुढच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलल्यावर घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्याचे आम्ही धाडस म्हणणार नाही. काम पुरे होईतो कोणी आत बसून ते बटण ओढू नये. कॅलिपर उतरलेला असताना बटण ओढले तर समोर चकती नसल्यामुळे मोटर दट्ट्याला ढकलत नेते आणि तो बाहेर निसटू शकतो. घरात चौकस मुले असतील तर किल्ली खिशात ठेवणे बरे.

पुढचे काम जुन्या मिस्त्रीला सांगावे लागत नाही, तरी चार गोष्टी वरवरच्या वाटल्या तरी वरवरच्या नाहीत. कॅलिपर उतरवला की तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. साचलेली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या मसाल्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांत जाऊन बसते. नव्यात ते नसले तरी ती भुकटी ओल्या फडक्याने किंवा ब्रेकच्या क्लीनरने काढावी. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांना नेमून दिलेले ग्रीस लावावे, पण ग्रीसचे बोट पॅडला किंवा चकतीला लागता कामा नये. चकतीची जाडी मोजावी. कमीत कमी किती चालेल तो आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. दट्ट्या मागे रेटताना वरच्या भांड्यातले ब्रेक ऑइल वर चढते, ते सांडले तर रंग खाते, म्हणून आधीच थोडे काढून घ्यावे. हे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि पाणी शिरलेले ऑइल घाटातल्या उष्णतेत लवकर उकळते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, आणि पाय जमिनीपर्यंत जातो. पॅडच्या निमित्ताने ऑइलचे वयही पाहून घ्यावे. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने सांगितल्याएवढे आवळावेत.

सगळे चढवल्यावर, गाडी इंचभरही हलवण्यापूर्वी, ब्रेक पायाने पुन्हा पुन्हा दाबावा. पहिले काही दाब पोकळ जातात. ते गॅरेजात गेले तर ठीक, रस्त्यावर गेले तर ठीक नाही. पाय घट्ट लागला की सर्व्हिस मोड बंद करण्याचा हुकूम द्यावा. मोटर नट पुढे आणते, नवा पॅड कुठे आहे ते चाचपते आणि लक्षात ठेवते. मग बटण दोन-तीनदा ओढून सोडून पाहावे. या साऱ्या काळात बॅटरीला चार्जर लावलेला असावा, कारण वीज मध्येच कमी पडली तर नट अर्ध्या वाटेत थांबतो. पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हलके हलके ब्रेक मारून पॅड चकतीवर बसू द्यावेत.

काही मिस्त्री दुसरी वाट काढतात. डबीचे दोन स्क्रू काढून मोटर बाजूला करतात आणि आतला दांडा हाताने मागे फिरवतात. यंत्राच्या दृष्टीने यात अशक्य काही नाही, आणि त्या डोक्याला आम्ही दाद देतो. परंतु संगणकाला यातले काही कळत नाही, नट कुठे आहे याची त्याची समजूत जुनीच राहते, तेव्हा शेवटी त्याला ते शिकवावेच लागते. मोटरीला थेट बॅटरीच्या तारा लावणे मात्र वर्ज्य समजावे. अँपिअर पाहून थांबवणारा कोणी नसला की नट टोकाला जाऊन रुतून बसतो.

म्हणजे सारा प्रश्न येऊन ठेपला त्या हुकुमापाशी. क्लॅम्प गावात आहे, पाने आहेत, हात आहेत. नाही तो स्कॅनर, किंवा स्कॅनर आहे पण या गाडीचे कुलूप त्याला उघडत नाही. मग दोन हजारांच्या पॅडसाठी परंडेकराने सोलापूर नाहीतर पुण्याची वाट धरावी, दिवस घालवावा, आणि गावातल्या मिस्त्रीने हातातले गिऱ्हाईक जाताना पाहावे. तसे होऊ द्यायचे नाही म्हणून तो क्लॅम्प उचलतो, आणि मग टेबलावर असा कॅलिपर येतो.

कंपन्यांचे म्हणणे असे की, ब्रेकसारखी जिवाची वस्तू अडाणी हातात पडू नये. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण कुलूप लावल्याने काम थांबत नाही, ते पहारीने होते. जिवाची काळजी असेल तर हुकूम आणि पुस्तक दोन्ही मिस्त्रीच्या हाती पोचली पाहिजेत. ही केवळ आमची तक्रार नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे कायद्याविरुद्ध आहे असे त्यात ठरले, आणि सर्वांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड झाला. कंपन्या अपिलात गेल्या आणि पुढे वर्षे गेली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहकदिनी, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशा चार वर्गांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी अशी ती योजना आहे. ग्राहकाने मागितल्यावाचून अशा माहितीत भर पडत नसते. तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आपल्या गाडीच्या सर्व्हिस मोडची कृती कंपनीकडे लेखी मागावी. उत्तर येईल तेव्हा येईल, मागणीची नोंद तर होईल.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारे स्कॅनर बाजारात आहेत. एकट्या गॅरेजला तो खर्च जड वाटत असेल तर गावातल्या चार-पाच गॅरेजांनी मिळून एक घ्यावा. मळणीयंत्र शेजारी शेजारी वापरतात, तसा तो फिरता ठेवता येईल. विकत घेण्यापूर्वी मात्र दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, या स्कॅनरने अमुक गाडीचा मागचा हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये जातो का? नुसते इंजिनाचे दोष वाचणारे स्वस्त यंत्र या कामाचे नाही. करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि जी पोरे आयटीआयत मोटर मेकॅनिक शिकत आहेत त्यांनी दट्ट्या आणि मळसूत्र यांच्याबरोबर अँपिअरचीही मैत्री करावी. यापुढच्या गाड्यांत या दोन विद्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

गाडीमालकांनी करण्यासारखे एक काम उरले. आपल्या गाडीच्या मागच्या चाकांच्या आत दिवा धरून पाहावे. कॅलिपरच्या पाठीला वायर जोडलेली प्लॅस्टिकची डबी असेल, तर ती गाडी आज सांगितलेल्या जातीची. डबी नसून तार येत असेल आणि तरीही आत बटण असेल, तर एकच मोटर मध्ये बसून दोन्ही तारा ओढते. त्या जातीत दट्ट्या कित्येकदा दाबून नव्हे, फिरवून मागे न्यावा लागतो आणि त्याची हत्यारे वेगळी. कोणती जात आहे ते गॅरेजात गाडी लावतानाच मिस्त्रीला सांगावे, आणि पॅड काढण्याआधी सर्व्हिस मोड कसा लावणार हे त्यांना आदराने विचारावे. विचारल्याचा राग जाणत्या मिस्त्रीला येत नाही.

हा कॅलिपर आम्ही सभा संपेपर्यंत येथेच ठेवणार आहोत. डबी उघडून ठेवली आहे, मळसूत्र वाकलेले स्पष्ट दिसते. ज्यांना तो हातात घेऊन पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. हात काळे होतील, टेबलाखाली फडके आहे.